मूठभर मोकळं

सकाळी पावणेदहाला मेन स्विच वर करतो
आणि बारा डबे एकदम जागे होतात.
कुणाच्याच पोटात डिस्क नाही.
वायरीवर प्रत्येकजण आधी एवढंच विचारतो, मी कोण?
पलीकडच्या खोलीतला सर्व्हर
(तिथं पूर्वी रसायनशास्त्राची कपाटं होती,
भिंतीला अजून गंधकाचा वास आहे)
एकेकाला नंबर सांगतो,
अंगात घालायला कालचेच कपडे देतो.

देगलूर रोडवरची बँकेची शाखा बंद झाली
तेव्हा हेडबाईंनी हे डबे भंगारभावात उचलले.
शाळा उदगीरची, मुलींची.
प्रत्येक डब्याला आठवायला जागा दोनशे छप्पन्न एमबी.
म्हणजे किती, असं बुशरानं विचारलं
तेव्हा मला पटकन सांगता आलं नाही.
"मंगळवारचं बुधवारी न आठवण्याइतकी," म्हणालो.
ती हसली नाही.

तिनंच सात नंबरचं झाकण उघडलं, पेचकस मी दिला.
"सर, ह्येच्यात तर काईच नाई की.
मग ह्ये ठिवायलंय कुठं?"

मी तिला आमच्या खोलीचं सांगितलं.
देवणीहून सोयरिकीला अकरा माणसं आली होती,
खोली दहा बाय बारा.
आधी आम्ही गोधड्यांच्या घड्या बारीक केल्या,
गुडघ्याखाली दाबून दाबून.
यंत्रही आधी हेच करतं,
जे कुणी मागत नाही ते आवळून कोपऱ्यात.
घडी घालायलाही दम लागतो,
तरी उंबरा ओलांडण्यापेक्षा ते स्वस्त.
मग जे मावेना ते शेजारच्या हाश्मींकडे:
घंगाळ, जोंधळ्याचं पोतं, शिलाई मशीन.
रात्री कुणाला तरी सुई हवी झाली,
मशीनच्या ड्रॉवरमधली.
मी दोनदा अंगण ओलांडलं.
स्वॅप म्हणजे एवढंच, बुशरा.
सामान आपलं, घर दुसऱ्याचं,
आणि मधलं अंगण.

शुक्रवारी शिष्यवृत्तीचे फॉर्म.
बाराही पडद्यांवर तीच वेबसाइट,
फोटो, सही, उत्पन्नाचा दाखला.
सर्व्हरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून
नुसताच पेटून राहिला.
एक पान आणायचं तर दुसरं पाठवायचं,
ते पोचतं न पोचतं तोच तेच परत हवं.
अंगणात नुसती ये-जा,
घरात काम कुणीच करेना.
मंदोदरी गित्तेच्या आडनावातला 'गि' उमटला,
'त्ते' सव्वा मिनिटानं.

आणि सात नंबर थिजलं.

रात्री दहापर्यंत लॉग वाचत बसलो.
सर्व्हर जिवंत, वायर ठीक, पलीकडे जागाही भरपूर.
अडलं होतं दारातच.
सामान शेजारी न्यायचं तर
दार उघडायला एक हात मोकळा लागतो,
आणि सात नंबरनं तोही भरून घेतला होता.
मोकळं व्हायला जेवढी जागा लागते
तेवढीच त्याच्याकडे नव्हती.

हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.
हेडबाई म्हणाल्या, "व्हायरस असंल."

शनिवारी प्रत्येकाच्या फाइलीत एक ओळ वाढवली:
चार एमबी बाजूला.
कुणीही मागितले तरी द्यायचे नाहीत.
बुशरा खांद्यामागून वाचत होती.
"आधीच पुरंना, त्यातून चार कमी?"
"हो."
"मंग अजून सावकाश चालंल."
"चालंल," मी म्हणालो. "पण चालंल."

तेवढ्यात लाईट गेली.
बाराही डबे आपण कोण ते विसरले.
यूपीएसवर एकटा सर्व्हर टूं-टूं करत राहिला,
अंधारात, बाराजणांच्या घड्या सांभाळत,
ज्यांना आता न्यायला कुणी येणार नव्हतं.

"किती वेळ थांबंल ह्यो?"
"सतरा मिनिटं," मी म्हणालो,
आणि आम्ही दोघंही घड्याळाकडं बघत बसलो.